जामिया उस्मानिया आणि औरंगाबाद : एका विद्यापीठाच्या स्थापनेचा विचार

अमुक विद्यापीठ केव्हां स्थापन झालें, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा दिसतो. संस्थेच्या दारावर साल कोरलेलें असतें, महोत्सवाच्या पुस्तकांत तें छापलेलें असतें, आणि पुढील लेखक तें एकमेकांच्या ग्रंथांतून उतरून घेत असतात. परंतु सनदा, महजर व फर्मानें ह्यांच्या तारखा लावण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आमच्या वाचकांस हें पक्कें ठाऊक आहे कीं, हुकूम झाल्याची तारीख एक असते, सनदेवर शिक्का उमटल्याची दुसरी असते, आणि प्रत्यक्ष वहिवाट सुरू झाल्याची तिसरीच असते. इनामाच्या गांवाला जो न्याय, तोच विद्यापीठालाहि लावला पाहिजे.

हैदराबादच्या जामिया उस्मानियाची, म्हणजे उस्मानिया विद्यापीठाची, गोष्ट नेमकी अशी आहे. एका देशभाषेला सर्व उच्च शिक्षणाचें माध्यम करणारें पहिलें सरकारी विद्यापीठ म्हणून त्याची प्रसिद्धि आहे. त्याच्या पूर्वतयारीचा आणि ग्रंथसंपत्तीचा मोठा भाग औरंगाबादेंत घडला, ही गोष्ट मराठी वाचकांस फारशी ठाऊक नाहीं. उर्दू वाचकांस ती ठाऊक आहे. पण तिच्यांतील मराठी बाजू त्यांच्या दृष्टीस क्वचितच पडते. ह्या दोन्ही उणिवांचा थोडा परिहार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आरंभीं नांवांचा खुलासा करणें अवश्य आहे. मलिक अंबरानें इ. स. १६१० सालीं वसविलेली खडकी पुढें औरंगाबाद झाली, आणि २०२३ पासून त्या शहराचें शासकीय नांव छत्रपति संभाजीनगर असें आहे. आम्ही ज्या काळाचे कागद सांगत आहों, त्या काळच्या कागदांवर ‘औरंगाबाद (दक्खन)’ असेंच आढळतें; म्हणून तेंच नांव येथें योजिलें आहे.

हैदराबादच्या राज्यांत दरबारची भाषा दीर्घकाळ फार्सी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूनें घेतली. पहिल्या सालारजंगाच्या कारकीर्दींत दारुल्उलूम ही प्राच्य विद्येची शाळा निघाली होती, तिच्या परीक्षा पुढें पंजाब विद्यापीठामार्फत होत. आणि १८८७ सालीं निघालेलें निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाला जोडलेलें होतें. म्हणजे एका राज्यांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेणारे दोन धनी, आणि ते दोघेहि राज्याबाहेरचे. १८८३-८४ च्या हिंवाळ्यांत हिंदुस्थानांत आलेला इंग्रज लेखक विल्फ्रिड ब्लंट ह्यानें हैदराबादेंत स्वतंत्र विद्यापीठ असावें अशी योजना मांडली होती. ती कागदावरच राहिली. परंतु कल्पना एकदां उच्चारली गेली म्हणजे ती कोठें तरी रुजत असते, आणि येथें ती रुजण्यास तीसांहून अधिक वर्षें लागलीं.

१९१७ सालीं सर अकबर हैदरी ह्यांनीं निजाम मीर उस्मान अली खान ह्यांस एक अर्जदास्त सादर केली. तिचा आशय असा कीं, परकी भाषेंतून शिकल्यानें विद्यार्थ्याची अर्धी शक्ति शब्द पाठ करण्यांत खर्च होते, स्वतंत्र विचाराची वाढ खुंटते, आणि शिकलेला मनुष्य व त्याचें घर ह्यांमध्यें अंतर पडतें. सबब राज्यांत नवीन विद्यापीठ व्हावें आणि तेथें ज्ञानदान उर्दूंतून व्हावें. इंग्रजी ही भाषा म्हणून सर्वांस सक्तीची ठेवावी, पण शास्त्रें तींतून शिकवूं नयेत. हिजरी १३३५ च्या रजब महिन्याच्या ४ तारखेस, म्हणजे २६ एप्रिल १९१७ रोजीं, निजामांनीं ही योजना मंजूर केल्याचें फर्मान काढलें. आमच्या जंत्रीप्रमाणें तो शके १८३९ च्या वैशाखाचा शुद्ध पक्ष होय. विद्यापीठाच्या स्थापनेची रीतसर सनद मात्र २२ सप्टेंबर १९१८ ची आहे. आणि वर्ग? ते १९१९ च्या ऑगस्टांत सुरू झाले. आरंभीं २२५ विद्यार्थी आणि २५ अध्यापक होते असें नमूद आहे. जागा तोफेच्या सांच्याजवळील, म्हणजे ज्या भागास गनफाउंड्री म्हणतात तेथील, कामचलाऊ घरांची होती.

येथें एक सूचना संग्राहकांसाठीं करून ठेवितों. हैदराबाद सरकारच्या कागदांवर हिजरी व इसवी सनांखेरीज फसली सन असतो, आणि त्यांत आज़ूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी महिने येतात. मराठी दप्तरांत वावरलेल्या मनुष्याला फसली म्हटला कीं मृगसाल आठवतें, आणि तो ५९० मिळवून मोकळा होतो. परंतु मृगापासून चालणारा फसली जूनमध्यें बदलतो, हैदराबादचा ऑक्टोबरांत, आज़ूर महिन्यापासून. २६ एप्रिल १९१७ ह्या तारखेला दोन्ही गणनांनीं १३२६ च येतो, म्हणून फर्मानाच्या बाबतींत घोटाळा होत नाहीं. पण ऑगस्ट १९१९ मृगसालानें १३२९ होतो आणि हैदराबादच्या हिशेबानें १३२८. एका वर्षाचा हा फरक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतील सर्व कागदांना लागू आहे. आणि शाळा-कॉलेजांचें नवें वर्ष बहुधा ह्याच महिन्यांत सुरू होत असल्यामुळें शिक्षणखात्याच्या कागदांत तो सर्वांत अधिक बाधतो.

तर मग ह्या तिहींपैकीं स्थापनेचें साल कोणतें? आमच्या मतें सनदेचें, म्हणजे १९१८ चें, धरावें.  परंतु १९१७ हें वर्ष केवळ मंजुरीचें नव्हे. त्याच वर्षीं दारुल्तर्जुमा, म्हणजे भाषांतरखातें, सुरू झालें होतें. विद्यार्थी येण्यापूर्वीं दोन वर्षें पुस्तकांची तयारी चालू होती. विद्यापीठाचा पाया घातला तो इमारतीचा नसून पारिभाषिक शब्दांचा होता. ह्या दृष्टीनें पाहिल्यास १९१७ चा आग्रह धरणाऱ्यांचेंहि म्हणणें अगदींच निराधार नाहीं.

आतां ‘पहिलें’ ह्या विशेषणाचा विचार. हें विशेषण महोत्सवी लेखकांस फार प्रिय असतें आणि इतिहासकारास फार त्रास देतें. कलकत्ता, मुंबई व मद्रास हीं तीन विद्यापीठें १८५७ सालचीं. संस्थानी मुलखांतील पहिलें विद्यापीठ म्हैसूरचें, १९१६ सालचें. बनारसचें हिंदु विद्यापीठहि त्याच वर्षाचें. ह्या सर्वांचें माध्यम इंग्रजी. मातृभाषेच्या माध्यमाचा प्रश्न घेतला तर मात्र एक गोष्ट आम्हांस आवर्जून सांगितली पाहिजे. धोंडो केशव कर्वे ह्यांनीं १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईच्या सामाजिक परिषदेंत महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं पुण्यास तें विद्यापीठ सुरू केलें. तेथें उच्च शिक्षण मराठींतून द्यावयाचें, इंग्रजी ही अवश्य भाषा म्हणून ठेवावयाची, हें धोरण प्रथमपासूनचें होतें. म्हणजे हैदरींची अर्जदास्त लिहिली जाण्यापूर्वींच तीच गोष्ट पुण्याजवळ प्रत्यक्षांत चालू झाली होती. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, कीं कर्व्यांच्या पाठीशीं सरकार नव्हतें, सनद नव्हती, खजिना नव्हता. त्यांच्या पदव्यांस सरकारमान्यता मिळण्यास स्वातंत्र्य यावें लागलें. म्हणून ‘देशभाषेंतून सर्व विषय शिकविणारें, राज्याच्या सनदेनें स्थापिलेलें पहिलें विद्यापीठ’ हें वर्णन उस्मानियास शोभतें. नुसतें ‘देशभाषेंतील पहिलें’ म्हटल्यास कर्व्यांवर अन्याय होतो. मुंबई विद्यापीठांत तर मराठीला वरच्या परीक्षांतून एकदां बाहेर घालविल्यावर तिचा पुनः प्रवेश व्हावा म्हणून न्यायमूर्ति रानडे ह्यांस आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करावी लागली होती. त्या तुलनेनें १९१७ चें फर्मान केवढें धाडसाचें होतें, हें ध्यानांत येईल. रवींद्रनाथ ठाकूर ह्यांनीं ह्या उपक्रमाचें स्वागत केलें, तें ह्याच कारणास्तव.

भाषांतरखात्याचें काम हें ह्या सर्व प्रकरणांतील मुख्य अंग आहे, म्हणून त्याजकडे थोडें अधिक लक्ष देऊं. पहिले नाजिम, म्हणजे प्रमुख, मौलवी अब्दुल हक होते. अब्दुल माजिद दर्याबादी, वहीदुद्दीन सलीम, अली हैदर नज्म तबातबाई ह्यांसारखे लेखक त्यांत काम करीत. इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, गणित, पदार्थविज्ञान, रसायन, कायदा, पुढें वैद्यक व स्थापत्य, अशा सर्व विषयांचे तीनशेंहून अधिक ग्रंथ ह्या खात्यानें कालांतरानें सिद्ध केले. एक मंडळी शास्त्राची जाणती, दुसरी भाषेची. दोघांनीं एकत्र बसून शब्द ठरवावयाचा, अशी पद्धत होती. वाद होई तो बहुधा एकाच मुद्यावर: नवा शब्द अरबी धातूपासून साधावयाचा कीं उर्दूच्या स्वतःच्या रीतीनें? वहीदुद्दीन सलीम ह्यांनीं परिभाषा घडविण्यासंबंधीं जो ग्रंथ लिहिला, तो औरंगाबादच्या अंजुमनेनें १९२१ सालीं प्रसिद्ध केला. उर्दू ही आर्यकुलांतील भाषा आहे, सबब उपसर्ग, प्रत्यय व समास ह्यांच्या साह्यानेंच तिनें आपले शब्द घडवावे, केवळ अरबी सांच्यावर अवलंबून राहूं नये, असें त्यांचें प्रतिपादन आहे. आमच्याकडे ह्याच वेळीं भाषाशुद्धीचा वाद उलट बाजूनें चालू होता. फार्सी शब्द ठेवावे कीं टाकावे, ह्यावर शाई खर्च होत होती. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ सालीं छापला, आणि अब्दुल हकांनीं मराठीवर फार्सीचा काय परिणाम झाला ह्या विषयावर एक पुस्तिका उर्दूंत लिहून ती औरंगाबादेहून प्रसिद्ध केली. एकच प्रश्न दोन्ही तीरांवरून पाहिला जात होता. पण नाव अलीकडून पलीकडे गेल्याचें क्वचितच आढळतें.

ह्या अब्दुल हकांमुळें औरंगाबादचा संबंध येतो. मूळचे ते मीरतेजवळील हापुडकडचे, अलीगडला शिकलेले. निजामाच्या शिक्षणखात्यांत औरंगाबाद विभागाचे शाळा-अधिकारी म्हणून ते येथें आले. १९१२ सालीं अंजुमन तरक्की-ए-उर्दू ह्या संस्थेचें चिटणीसपद त्यांजकडे आलें, आणि पुढल्याच वर्षीं त्यांनीं तिची कचेरी औरंगाबादेस आणिली. १९१३ ते १९३८ अशीं पंचवीस वर्षें उर्दूच्या सर्वांत मोठ्या साहित्यसंस्थेचें ठाणें दिल्ली नव्हे, लखनौ नव्हे, तर आमच्या ह्या बाजूच्या, मराठी बोलणाऱ्या मुलखांतील शहरांत होतें. बिबीच्या मकबऱ्याच्या आवारांत त्यांचें बिऱ्हाड होतें. तेथील बागेची देखरेखहि त्यांजकडे होती. आणि त्या बागेंतील नामदेव नांवाच्या माळ्याचें त्यांनीं लिहिलेलें शब्दचित्र उर्दू गद्यांत नामांकित आहे. नामदेव अस्पृश्य गणलेल्या जातीचा होता. अवर्षणाच्या वर्षीं विहिरी आटल्या असतां तो रात्रींबेरात्रीं दुरून पाणी आणून रोपें जगवी. त्याच्या कामाची ही निष्ठा मौलवींनीं मोठमोठ्या नबाबांच्या व पंडितांच्या चरित्रांच्या पंक्तीस बसविली. मराठी बोलणाऱ्या मुलखांतील हा साधा माणूस उर्दूच्या शाळांतील मुलांस परिचित आहे, आणि त्याच्याच शहरांतील मराठी वाचकांस बहुधा अपरिचित, ह्याचें आम्हांस नेहमीं नवल वाटत आलें आहे.

अंजुमनेचें ‘उर्दू’ हें त्रैमासिक औरंगाबादेहून १९२१ सालीं निघूं लागलें. शास्त्रीय विषयांचें ‘सायन्स’ १९२८ सालीं. दख्खनी भाषेंतील जुन्या ग्रंथांचा शोध हा त्रैमासिकाचा विशेष. मुल्ला वजहीचा ‘सबरस’ हा १६३५ च्या सुमाराचा गद्यग्रंथ अब्दुल हकांनीं संपादून १९३२ सालीं प्रसिद्ध केला, त्यामुळें उर्दू गद्याचा आरंभ दीडशें वर्षें मागें गेला. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस अधिक जवळचें नांव लछमीनारायण शफीक ह्याचें. हा औरंगाबादचा खत्री. ‘बिसातुल्गनाइम’ हा मराठ्यांचा फार्सी इतिहास ह्याचाच. त्यानें उर्दू कवींचें जें चरित्रसार लिहिलें, तें ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ अंजुमनेनें १९२८ सालीं औरंगाबादेंतच छापलें. इंग्रजी-उर्दू मोठा कोश १९३७ सालीं निघाला, त्याच्याहि मुखपृष्ठावर औरंगाबादचेंच नांव आहे. विद्यापीठ हैदराबादेस, पण त्याला लागणारे शब्द, कोश आणि शोधलेले ग्रंथ ह्यांची एक मोठी वखार येथें होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. १९२३ सालीं औरंगाबादेस उस्मानियाचें इंटरमीजिएट कॉलेज निघालें, आणि अब्दुल हक कांहीं वर्षें त्याचे प्राचार्यहि होते. सध्यांचें शासकीय महाविद्यालय तें हेंच.

परंतु ज्या हस्तलिखितांच्या जोरावर हें कार्य झालें, त्यांची पुढील हकीकत दुःखाची आहे. १९३८ सालीं अंजुमनेनें आपलें ठाणें दिल्लीस हालविलें. १९४७ च्या दंग्यांत दिल्लीची कचेरी लुटली गेली. जें वांचलें त्यांतील कांहीं भाग अब्दुल हकांबरोबर कराचीस गेला. हिंदुस्थानांत राहिलेली अंजुमन अलीगडास बसली, कांहीं ग्रंथ तिजकडे राहिले. म्हणजे आमच्या मुलखांत, आमच्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फडताळांतून गोळा झालेला संग्रह तीन ठिकाणीं फुटला, आणि काय नाहींसें झालें ह्याची पूर्ण यादी हातीं नाहीं. औरंगाबादच्या बाबतींत ही पहिलीच वेळ नव्हे. शाहनवाज खान ‘मआसिरुल्उमरा’ हा मोंगल उमरावांचा चरित्रकोश येथेंच लिहीत होता. १७५८ च्या गोंधळांत त्याचा खून झाला, घर लुटलें गेलें, आणि कोशाचीं बाडें बेपत्ता झालीं. आझाद बिलग्रामीनें पुष्कळ शोध करून तीं परत मिळविलीं, म्हणून आज आपल्याला तो ग्रंथ वाचावयास मिळतो. अंजुमनेच्या संग्रहास तसा एखादा आझाद अद्याप भेटलेला नाहीं.

आतां ह्या गोष्टीची दुसरी बाजू. हैदराबाद राज्याची वस्ती भाषेच्या दृष्टीनें पाहिली, तर १९११ च्या खानेसुमारीप्रमाणें जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलणारे, एक चतुर्थांशाच्या आसपास मराठी, त्यानंतर कानडी. उर्दू ही दहांत एकाच्या सुमाराची भाषा. परकी भाषेंतून शिक्षण देणें घातक आहे, हें अर्जदास्तींतील तत्त्व निखालस खरें होतें. पण तें तत्त्व औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड किंवा उस्मानाबाद येथील कुणब्याच्या मुलाला लावून पाहिलें असतें, तर त्याच्यापुरती उर्दूहि शाळेंतच शिकावयाची भाषा होती. प्राथमिक शाळेंत मराठी, पुढें उर्दू, आणि वर सक्तीची इंग्रजी, अशा तीन पायऱ्या त्याला चढाव्या लागत. राज्याच्या सर्व भागांस समजणारी एकच भाषा पाहिजे, ती उर्दूच आहे, असें सरकारपक्षाचें उत्तर असे. आणि एका विद्यापीठांत चार माध्यमें चालविण्याची अडचणहि खोटी नव्हती. तथापि अडचण खरी असली म्हणून तिचा भार कोणी वाहावा हा प्रश्न सुटत नाहीं. तो भार मराठी, तेलुगू व कानडी मुलांनीं वाहिला.

ह्या भाराची जाणीव ज्यांस झाली, त्यांनीं खासगी शाळा काढल्या. हैदराबादची विवेकवर्धिनी व गुलबर्ग्याचें नूतन विद्यालय हीं दोन्ही १९०७ सालचीं. औरंगाबादचें सरस्वती भुवन १९१५ चें. अंबेजोगाईचें योगेश्वरी विद्यालय १९१७ चें, म्हणजे फर्मानाच्याच वर्षाचें. ह्या शाळांतून निघालेला विद्यार्थी पुढें पुण्याकडे जाई, किंवा उर्दूशीं झुंजून उस्मानियांत टिके. टिकलेल्यांस त्याचा लाभहि झाला, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानियांतच मराठीचे प्राध्यापक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत ह्यांच्या भारतांची त्यांनीं केलेली तुलना प्रसिद्ध आहे. निजामी मुलखांतील उर्दू-फार्सीच्या वातावरणांत वाढलेले सेतुमाधवराव पगडी पुढें मोंगल दरबारचे कागद मराठींत आणूं शकले. ह्या मुलखाच्या इतिहासाचा अर्धा पुरावा फार्सींत आहे, आणि तो वाचणारे मराठी लोक आतां बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. तेव्हां त्या जुन्या शिक्षणाची सगळीच निंदा करणें आम्हांस तरी शक्य नाहीं.

१९३८ सालीं वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. औरंगाबादच्या व हैदराबादच्या विद्यार्थ्यांनीं ती मोडली, आणि शेंकडों विद्यार्थी काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठानें त्यांपैकीं पुष्कळांस आश्रय दिला. ह्या प्रकरणावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे, म्हणून विस्तार करीत नाहीं. एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, ज्या वर्षीं अंजुमन औरंगाबाद सोडून गेली, त्याच वर्षीं औरंगाबादच्या कॉलेजांतील मुलें बाहेर पडलीं. पुढल्या वर्षीं, ४ डिसेंबर १९३९ रोजीं, हैदराबादेस विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाची भव्य इमारत खुली झाली. तिच्या खांबांत वेरूळ-अजिंठ्याची धाटणी आणि कमानींत इस्लामी रीत साधली आहे. दगडांत जो मेळ बसला, तो वसतिगृहांत बसूं शकला नाहीं.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद राज्य भारतांत विलीन झालें, आणि लौकरच विद्यापीठाचें उर्दू माध्यम जाऊन इंग्रजी आलें. ह्या फेरबदलाकडे आमच्या लोकांनीं मुक्ति म्हणून पाहिलें, तें समजण्यासारखें आहे. परंतु मराठीला ह्यांत कांहीं मिळालें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. आणि भाषांतरखात्यानें तीस वर्षांत घडविलेली परिभाषा त्याबरोबर निरुपयोगी ठरली.

मराठवाड्यांत पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय त्यानंतर झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० च्या जूनमध्यें औरंगाबादेस कॉलेज सुरू केलें; तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. मिलिंदच्या बाबतींतहि सालाचा घोळ होतो, कारण इमारतीची कोनशिला राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद ह्यांनीं १ सप्टेंबर १९५१ रोजीं बसविली, आणि कोनशिलेवरील साल वाचून लोक तेंच स्थापनेचें समजतात. मिलिंद हा ग्रीक राजा, आणि त्याच्या शंकांस उत्तरें देणारा भिक्षु नागसेन. कॉलेजास राजाचें नांव आणि भोंवतालच्या जागेस नागसेनवन हें नांव. ज्या जमातीचा नामदेव माळी बागेंत पाणी घालीत होता, तिच्या मुलांस आतां त्याच शहरांत प्रश्न विचारण्याची जागा मिळाली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाड्याचे पांच जिल्हे मुंबई राज्यांत आले. राज्य बदललें, पण महाविद्यालयांचा धागा अजून हैदराबादेच्या विद्यापीठाशींच होता. न्यायमूर्ति पळनिटकर ह्यांच्या समितीनें स्वतंत्र विद्यापीठाची शिफारस केली, मुंबई विधिमंडळानें कायदा केला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांच्या हस्तें मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन झालें. पहिले कुलगुरु सु. रा. डोंगरकेरी. ते पूर्वीं मुंबई विद्यापीठाचे प्रबंधक होते आणि त्या विद्यापीठाचा शंभर वर्षांचा इतिहासहि त्यांनीं लिहिला आहे. विद्यापीठ म्हणजे कोणते कागद आणि ते कसे राखावे, हें जाणणारा मनुष्य आरंभींच लाभला. जागा मिळाली ती शहराच्या उत्तरेस, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशीं, मकबऱ्यापासून जवळच. अब्दुल हकांची कचेरी आणि हें नवें विद्यापीठ ह्यांमध्यें पायीं जाण्याइतकेंच अंतर आहे.

ह्या विद्यापीठाच्या नांवाचा इतिहास रक्तानें माखलेला आहे, तो टाळतां येत नाहीं. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं त्यास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला. लगेच मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरें जळलीं, माणसें मेलीं. ठरावाची अंमलबजावणी होण्यास सोळा वर्षें लागलीं. १४ जानेवारी १९९४ रोजीं ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हें नांव झालें. त्याच वर्षीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नांवाचें दुसरें विद्यापीठ वेगळें काढलें गेलें. ठराव आणि अंमल ह्यांमधील सोळा वर्षांचें अंतर हें ह्या लेखाच्या आरंभीं सांगितलेल्या तीन तारखांच्या नियमाचेंच एक उदाहरण आहे. त्या काळांतील पत्रकें, निवेदनें, मोर्च्यांचीं हस्तपत्रकें हलक्या कागदावर छापलेलीं आहेत आणि झपाट्यानें नाहींशीं होत आहेत. पेशव्यांच्या दप्तराची जी काळजी आपण घेतों, तिचा थोडा अंश त्यांच्या वांट्यास येणें अवश्य आहे.

संग्राहकांस आमची विनंति अशी आहे. मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांत उस्मानियाचीं उर्दू पाठ्यपुस्तकें, विशेषतः गणित व रसायन ह्यांचीं, अजून सांपडतात; समासांत पेन्सिलीनें मराठी अर्थ लिहिलेले असतील, तर तें पुस्तक रद्दींत जाऊं देऊं नये. असा प्रत्येक समास म्हणजे एका विद्यार्थ्यानें एकट्यानें चालविलेलें भाषांतरखातें आहे. फार्सी किंवा दख्खनी पोथीवर अंजुमनेचा औरंगाबादचा शिक्का आढळल्यास शिक्क्याचा ठसा, पानांची संख्या आणि पोथी कोणाकडून आली ही हकीकत टिपून ठेवावी. १९३८ पूर्वींची नोंद असल्यास ती पोथी दिल्लीस गेलीच नाहीं, कीं जाऊन परत आली, हें ठरवितां येईल. सन फसली असल्यास महिना अवश्य लिहावा.